देश कोणाच्या हाती द्यावा: उद्योगपती, तज्ज्ञ, की दोन्ही एकात?

जुन्या पक्षांना विटलेल्या मतदारासमोर हल्ली दोन चेहरे हमखास येतात. एक म्हणतो, मी कंपनी उभी केली, आता देशही चालवून दाखवतो. दुसरा म्हणतो, मला अर्थव्यवस्था कळते, कटू असलं तरी योग्य तेच करीन. राजकारण पुरे झालं, आता कामाचं बोला, असं दोघेही सांगतात. दोघेही बहुधा कर्तबगार असतात, त्यामुळे कर्तबगारीची तुलना करून हाती काही लागत नाही. माझ्या मते दोनच गोष्टी तपासाव्यात. त्याच्या निर्णयांचा फायदा त्याच्याच घरात जातो का? आणि तो नकोसा झाला तर त्याला सरळ मार्गाने घालवता येतं का?

आधी निव्वळ तज्ज्ञ. नोव्हेंबर २०११ मध्ये इटलीच्या दहा वर्षांच्या सरकारी कर्जरोख्यांवरचं व्याज ७ टक्क्यांवर गेलं, माध्यमसम्राट पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनींनी राजीनामा दिला आणि अर्थतज्ज्ञ मारिओ मोंती पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात निवडून आलेला एकही राजकारणी नव्हता. डिसेंबरमध्ये पेन्शनमधली कपात जाहीर करताना मंत्री एल्सा फोर्नेरो ‘त्याग’ या शब्दापाशी अडखळल्या आणि त्यांना रडू कोसळलं. निर्णयामागे कुणाची कंपनी नव्हती, हे मोंतींच्या बाजूने मान्य करावंच लागेल. पण ज्यांनी त्याग करायचा, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. २०१३ मध्ये मोंती मतदारांसमोर गेले तेव्हा त्यांच्या आघाडीला जेमतेम १० टक्के मतं पडली, तर विनोदी कलाकार बेप्पे ग्रिल्लोंच्या नवख्या चळवळीला सुमारे २५ टक्के. तरीही दुसऱ्या कसोटीवर हा प्रकार पास होतो: संसदेने पाठिंबा दिला तोवर मोंती राहिले, काढून घेतल्यावर गेले.

उद्योगपतीचं पारडं आश्वासनांत जड असतं. बर्लुस्कोनींनी मे २००१ मध्ये टीव्ही स्टुडिओतल्या टेबलावर पाच कलमांच्या ‘इटालियन जनतेशी करारा’वर सही केली. पाचातली चार कलमं पुरी झाली नाहीत तर पुढची निवडणूक लढवणार नाही, असा शब्द दिला. किती पुरी झाली यावर वाद झाला आणि २००६ मध्ये ते पुन्हा रिंगणात उतरले. पण सगळेच नुसते बोलघेवडे नसतात. थायलंडमध्ये दूरसंचार सम्राट आणि पंतप्रधान थाक्सिन शिनवात्रांनी ३० बातमध्ये (बात हे थाई चलन) उपचार देणारी योजना खरोखर राबवली आणि गरिबांना ती पोहोचली. ही गोष्ट लहान नाही. मात्र जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या कुटुंबाने आपल्या दूरसंचार कंपनीचा, शिन कॉर्पचा, हिस्सा सुमारे ७३ अब्ज बातला विकला आणि त्यावर कर भरावा लागला नाही. लोक रस्त्यावर उतरले. सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. रोगापेक्षा औषध भयंकर ठरलं.

सगळ्यात जपून पाहण्यासारखा आहे तिसरा प्रकार: तज्ज्ञाची भाषा, मालकाचा पैसा आणि ‘चोर राजकारण्यां’विरुद्ध जनतेचा संताप, तिन्ही एकाच माणसात. चेक प्रजासत्ताकातले आंद्रेय बाबिश याचा नमुना आहेत. शेती, अन्नप्रक्रिया आणि रसायनांत पसरलेल्या अॅग्रोफर्ट कंपनीचे ते मालक होते. देश कंपनीसारखा चालवू, ही त्यांची घोषणा. २०१३ मध्ये त्यांच्या कंपनीने दोन मोठी दैनिकं छापणारा माफ्रा समूह घेतला, आणि २०१४ मध्ये ते अर्थमंत्री झाले.

त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१६ पासून हॉटेलं आणि बिअरच्या गुत्त्यांना प्रत्येक रोख बिल ऑनलाइन करखात्याला कळवणं सक्तीचं झालं. करचुकवेगिरी थांबवायची म्हणून हे पाऊल मला पटतं. पण त्याच अर्थमंत्र्यांकडे स्वतःच्या कंपनीचे प्रत्येकी एक क्राउन (चेक चलन) दर्शनी किमतीचे कर्जरोखे होते, एकूण सुमारे दीड अब्ज क्राउनचे. एका रोख्यावरचं व्याज इतकं किरकोळ, की त्यावरचा कर पूर्णांकात खाली उतरवताना शून्य व्हायचा. ही पळवाट इतर कंपन्यांनीही वापरली होती, ती कायद्यात बसत होती. पण गुत्तेवाल्याच्या प्रत्येक ग्लासाचा हिशोब मागणाऱ्याने ती वापरावी, हे लोकांच्या पचनी पडलं नाही. मे २०१७ मध्ये मंत्रिपद गेलं. डिसेंबरमध्ये मात्र ते पंतप्रधान झाले.

कंपनी त्यांनी कायद्याच्या रेट्याने २०१७ मध्येच ट्रस्टमध्ये ठेवली होती. युरोपीय आयोगाच्या तपासणीत २०२१ मध्ये हितसंबंधांचा संघर्ष कायम असल्याचं निष्पन्न झालं, कारण ट्रस्टवरचा प्रभाव त्यांचाच होता. कंपनीत मालकाला आवडतील ती माणसं ठेवता येतात, नको ती काढता येतात. देशात विरोधक, न्यायाधीश, लेखापरीक्षक हे नकोसेही राहतातच, आणि राहायलाच हवेत. ही माणसं म्हणजे ज्याला ‘अकार्यक्षमता’ वाटते, त्याला मी मत देणार नाही.

मग उद्योगपती नकोच का? तसं नाही. चिलीचे उद्योगपती अध्यक्ष सेबास्तियन पिन्येरा यांनी २०१० मध्ये लान विमानकंपनीतला हिस्सा विकला, टीव्ही वाहिनीही विकली. उशीर केला म्हणून टीका झाली, पण विकलं. शिवाय तिथे लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होता येत नाही, म्हणून २०१४ मध्ये त्यांना पायउतार व्हावंच लागलं. उलट न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर, उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला, शहर नीट चालवलं, आणि २००८ मध्ये मुदतीची मर्यादाच वाढवून घेऊन तिसऱ्यांदा उभे राहिले. मला ते खटकतं.

संकटापुरती, ठरावीक मुदतीची आणि संसदेला बांधलेली व्यवस्था हवी असेल तर तज्ज्ञ बरा. चार-पाच वर्षांसाठी उद्योगपती निवडायचा असेल तर प्रचारातच त्याला विचारा: कंपनी विकणार की ट्रस्टमध्ये ठेवणार, ट्रस्टचे विश्वस्त कोण नेमणार, आणि हे शपथेआधी होणार की नंतर? ऑक्टोबर २०२५ मध्ये बाबिश यांचा पक्ष पुन्हा जिंकला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी नेमणुकीआधी त्यांना नेमका हाच खुलासा जाहीरपणे करायला लावला.