परमाकल्चर शिकायचं तर कुठं: इकोव्हिलेज, कोर्स की आपलंच शिवार?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तो हिंजवडीत नोकरीला. केज तालुक्यात वडिलोपार्जित चार एकर; त्यातलं अडीच मुरमाड, दीड भारी, म्हणजे खोल काळ्या मातीचं. म्हणाला, "मावशी, परमाकल्चर शिकायचंय. महिनाभर ऑरोव्हिलला जाऊ, पंधरा दिवसांचा कोर्स करू, का तुझ्याकडं येऊ?" शेवटचा पर्याय त्यानं माझं मन राखायला घातला असावा. पण मी हे तिन्ही केलंय, आणि चुकीच्या क्रमानं केलंय. म्हणून तिन्हींचा हिशेब लिहूनच काढला. त्याच्यासारखे अजून बरेच जण विचारतात, त्यांनाही चालेल.

आधी शब्दाचं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७०च्या दशकात परमाकल्चर हा शब्द घडवला. मॉलिसन १९८७ मध्ये भारतात येऊन शिकवूनही गेले. जंगल जसं स्वतःचं पाणी, खत, सावली स्वतः सांभाळतं, तसं शेत, घर आणि माणसांची वस्ती एकत्र आखायची, हा त्याचा गाभा. "हे तर आपल्याकडं होतंच की," असं कुणी म्हटलं की मी अर्धीच मान हलवते. बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट होती, ज्वारीच्या ओळींत तुरीचं इरवड होतं, बांधावर लिंब-बोरी होत्या. पण ते सवयीनं चालायचं, कुणी आखलेलं नव्हतं. सोयाबीन आलं आणि सवय मोडली, तेव्हा धरून ठेवायला हाताशी काही राहिलं नाही.

आता इकोव्हिलेज, म्हणजे निसर्गाला धरून एकत्र राहणाऱ्यांची वस्ती. ऑरोव्हिल २८ फेब्रुवारी १९६८ रोजी सुरू झालं, पाँडिचेरीजवळ, तमिळनाडूच्या हद्दीत. तेव्हा ते पठार उघडंबोडकं होतं, घळी पडलेल्या, तांबडी माती दर पावसाळ्यात समुद्राकडं वाहत जायची. पहिल्या लोकांनी आधी बांध घातले आणि झाडं लावली. आज तिथल्या रस्त्यानं सावलीतून चालताना हे खरं वाटत नाही. पडीक जमीन माणसाच्या एका आयुष्यात किती बदलते, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. त्याच परिसरात २००३ पासून साधना फॉरेस्ट आहे. तिथं तिथलंच मूळचं कोरडं सदाहरित जंगल परत उभं करतात. स्वयंसेवक राहतात, पहाटे कामाला लागतात, त्या कामाला सेवा म्हणतात. जेवणात दूध-तूपसुद्धा नाही. संडास कोरडे, मैल्याचं खत होतं.

ही शेवटची गोष्ट वाचून भाचा हसेल. पण मी तिकडं काढलेल्या महिन्यात सगळ्यात मोठं शिक्षण झाडांचं नव्हतंच. अनोळखी पोरं भांडी घासत होती, जेवणाची पाळी सगळ्यांवर येत होती, आणि एखाद्या गोष्टीवर तासभर गोल बसून चर्चा व्हायची. त्या चर्चेचा मला कंटाळा यायचा, हेही सांगून टाकते. तरी एकवीस वर्षं सून म्हणून नांदल्यावर आपलं मत कुणी विचारतंय, ही गोष्ट अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले. घरी आल्यावर मी बचत गटाची बैठक जमिनीवर गोल करून घ्यायला लागले. तो गोल अजून टिकून आहे. तिथून आणलेली बाकीची बरीच तंत्रं मात्र टिकली नाहीत.

ती का टिकली नाहीत, हेच ठरवणाऱ्यानं नीट वाचावं. तिथं वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. मराठवाड्याची सरासरी सहाशे ऐंशीच्या आसपास, तीही जून ते सप्टेंबरात, मध्ये पंचवीस-पंचवीस दिवसांचा खंड. तिथं तांबडी माती, आपल्याकडं बेसॉल्टची काळी. मी आल्या आल्या उत्साहात भारी रानात समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीतला चर काढला. जुलैत एका रात्रीत धो धो पाऊस झाला, चर भरला आणि चार दिवस पाणी हललं नाही. चराखालच्या दोन ओळी तूर उबळून गेली. सासरे बांधावरून बघत होते. एवढंच म्हणाले, "भारी रानाला ढाळ द्यावा लागतो, सूनबाई." पुढं कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी तेच पुस्तकी भाषेत सांगितलं: खोल काळी माती फुगली की पाणी आत घेत नाही, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून बांध फुटतो. म्हणून अशा रानात थोडा उतार दिलेले ढाळीचे बांध आणि जादा पाणी काढून द्यायला दगडी सांडवा. समतल चर डोंगरउताराला आणि मुरमाला. भाच्याच्या अडीच एकरात चर चालेल, दीड एकरात नुकसान करेल. चार एकरात दोन वेगवेगळी उत्तरं, आणि महिनाभर दुसऱ्याच्या मातीत राबून हे कळत नाही.

गादीवाफ्यांचंही तेच. कमी पावसात उंच वाफा आधी वाळतो. मी आता भाजीला खोलगट वाफे करते. आणि आच्छादन! तिथं पालापाचोळ्याला तोटा नाही. इथं ज्वारीचा कडबा म्हणजे जनावराचं पोट, तुऱ्हाट्या म्हणजे चूल. रानात कडबा अंथरायला निघाले तर गोठ्यातल्या म्हशीकडं काय तोंडानं बघायचं? आधी बांधावर गिरिपुष्प लावावं लागलं, दोन वर्षं थांबावं लागलं, मग त्याचा पाला कापून रानात घालता आला. ज्यानं हे दोन वर्षं आधी सांगितलं असतं, त्याच्या मी पाया पडले असते.

महाराष्ट्रातच जायचं तर पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ गोवर्धन इकोव्हिलेज आहे. ते इस्कॉनचं, त्यामुळं दिनक्रमात भक्ती आलीच. ज्याला ते रुचतं त्यानं जरूर जावं. पण कोकणपट्टीच्या त्या पावसाचा आपल्या शिवाराशी संबंध जोडू नये.

मधला पर्याय कोर्सचा. परमाकल्चर डिझाइनचा कोर्स जगभर ७२ तासांचा धरतात, बहुतेक ठिकाणी तो दोन आठवड्यांत बसवतात. शेवटी एका जमिनीचा आराखडा काढून दाखवायचा असतो. आपल्याला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे तेलंगणातलं झहीराबाद. तिथं अरण्य ही संस्था १९९९ पासून काम करते, आणि २०१७ मध्ये परमाकल्चरवाल्यांचं जागतिक संमेलन हैदराबादेत आणि तिच्याच शेतावर भरलं होतं. परळीहून विकाराबादकडं जाणारी रेल्वे लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर करत झहीराबादला जाते. उतरलं की हवा आपल्यासारखीच, पठार तेच दख्खनचं. जवळच पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांच्या संघांनी भरडधान्यांचं बी जपलंय. तेवढ्या लांब गेल्यावर ते न बघता परत येणं म्हणजे तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन न घेता येणं.

कोर्सचा फायदा असा की तो नजर देतो. पाऊस, वारा, ऊन, जनावर, माणूस कुठून येतो आणि कुठं जातो, हे कागदावर काढायची सवय लागते. ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A सारख्या चौकटीनं, समपातळी काढायला अर्धा दिवस पुरतो: तीन काठ्या, सुतळी, दगडाचा ओळंबा. परमाकल्चरची सगळ्यात प्रसिद्ध कल्पना मात्र, झोनची, आपल्याकडं पहिल्या दिवशीच अडखळते. घर मध्यभागी, रोजची भाजी दाराशी, आठवड्याचं काम त्यापुढं, जंगल शेवटी, अशी ती वर्तुळं. आणि आमचं घर गावठाणात, शेत दोन किलोमीटरवर, तेही तीन तुकड्यांत. वर्तुळ काढायचं कुठून? मी शिकवणाऱ्यांना विचारलं, त्यांनी विचार करून सांगितलं की तुम्ही रोज ज्या वाटेनं जाता ती वाट धरा. तो सल्ला चांगला होता. वैरण आणायला मी ज्या पांदीनं जाते, तिच्या कडेच्या तुकड्यात माझा शेवगा, हादगा आणि कढीपत्ता आहे. लांबच्या तुकड्यात सीताफळ लावलंय. त्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि मुरमात ते आपलं आपण जगतं.

कोर्सची नावं सारखी असली तरी माल सारखा नसतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी पैसे भरून आठ दिवस त्यांच्याच भिंती लिंपत होते, आणि पाण्यावर एक तास बोलणं झालं तेही पडद्यावर. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारायचं: शिकवणारा स्वतः किती वर्षं कोरडवाहू शेती करतोय? पोट त्या शेतीवर चालतं की कोर्सवर? शेताला बोअर किती आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी किती असतं? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो, तिथं जाऊ नये.

तिसरा पर्याय आपलंच शिवार. याला कुणी इकोव्हिलेज म्हणत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, फोटोही बरे येत नाहीत. पण पाण्याचं शिक्षण इथंच स्वस्त आहे. जालन्याजवळचं कडवंची बघून यावं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून तिथं पाणलोटाचं काम झालं, आणि आज कमी पावसाच्या त्या गावात शेततळी आणि द्राक्षबागा आहेत. परमाकल्चरवाले द्राक्षांच्या फवारण्या आणि शेततळ्याचं प्लास्टिक बघून नाक मुरडतील. मीही थोडं मुरडलं. पण २०१२च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा सरपण झाल्या, तेव्हा तग धरून राहिलेलं हे गाव आहे, त्याला नावं ठेवताना जपून.

आमचा अंबाजोगाई तालुका २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या गावोगावी पाणी अडवायच्या पहिल्या स्पर्धेतल्या तीन तालुक्यांपैकी एक. वरुड आणि कोरेगाव हे दुसरे दोन. त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं जात होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायका पारदर्शक नळीनं समपातळी काढत होत्या आणि माथा ते पायथा, म्हणजे पाणी वरून अडवत खाली यायचं, हे इंजिनियरला सांगत होत्या. त्यातले काही चर आज गाळानं बुजलेत, कारण खणायला गाव आलं, गाळ काढायला कुणी आलं नाही. जमीन सांभाळणं म्हणजे खणण्यानंतरची ही रटाळ वर्षं, आणि ती शिकायला तेच बुजलेले चर बघावेत.

सांभाळण्याचा खरा पेच मात्र मातीचा नाही, सातबाऱ्याचा आहे. ऑरोव्हिलची जमीन कुणा एकाच्या नावावर नाही. १९८८च्या कायद्यानं ती फाउंडेशनकडं आहे. त्यामुळं तिथं "आपण या जमिनीचे राखणदार" म्हणणं सोपं जातं. इथं बांधावर झाड लावलं की शेजारच्या चुलत्याला वसव्याची, म्हणजे सावलीनं पीक दबायची काळजी, आणि नांगर फिरला की दरवर्षी बांध वितभर कोरलेला. माझं नाव तर सातबाऱ्यावर नव्हतंच. लातूर-धाराशिवकडं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतला एक एकर खाण्याच्या पिकांसाठी मागायला शिकवलं. २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. ते ऐकूनच मीही एक एकर मागितला. मालकी नाही, पण काय पेरायचं ते मी ठरवते. कुठल्याही कोर्सनं मला एवढं दिलं नाही. पुरंदरला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथं पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी मोजलं, भूमिहीनालाही हिस्सा दिला आणि ऊस बंद ठेवला. परमाकल्चरच्या वर्गात न्याय्य वाटपावर बोलतात, तेव्हा हे उदाहरण आपण द्यायचं.

तर भाच्याला मी सांगितलं ते असं. जमीन नाही आणि नोकरीचा कंटाळा आलाय, एवढंच असेल तर ऑरोव्हिलला जा, मन मोकळं होईल. गावात राहून शेती करणाऱ्यानं कोर्स हिवाळ्यात, राशी उरकल्यावर करावा, आणि आपल्या रानाचा नकाशा, विहिरीची पातळी, मातीची परीक्षा सोबत न्यावी. पण तुझ्यासारख्याची, म्हणजे जमीन इथं आणि माणूस पुण्यात, त्याची सुरुवात मे महिन्यात. दोन्ही रानांत तीन-तीन फुटांचे खड्डे खण, पाण्यानं भर, किती तासांत मुरतं ते घड्याळ लावून लिही. मग मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात सुट्टी टाकून रानात उभा राहा आणि पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं ते बघ. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत ज्यांची माती खरडून गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना ही वाट आधी माहीत नव्हती. चुलत्यालाही त्याच दिवशी बांधावर बोलाव. पाऊस चालू असताना बांधाचं भांडण लवकर मिटतं, माझा अनुभव आहे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, पण प्रियाला गावाचीच भीती वाटते. तिला वाटतं एकदा तिकडं गेलं की ती चुलीपुढं अडकणार. तिला आधी ऑरोव्हिल दाखवतो."

हे माझ्या हिशेबात नव्हतं, आणि ज्या बाईनं तिथं पहिल्यांदा आपलं मत मांडलं तिनं हे विसरावं, याची मला लाज वाटली. म्हटलं, फेब्रुवारीत जा दोघं, हवा बरी असते. मेच्या आत परत या. एक खड्डा तिलाही खणायचाय.