सर्वसाधारण सभेला सभासद यावेत म्हणून नेमलेली व्यवस्थापन सेवा : वर्षभराचा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची ४८ सदनिकांची सहकारी गृहरचना संस्था आहे. हिशेब आणि सभेचे कागदपत्र सांभाळण्यासाठी आम्ही गेल्या वर्षी एका खासगी कार्यालयाची सेवा घेतली. अशी सेवा घ्यावी की नाही या विचारात असलेल्या कार्यकारिणींना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, वार्षिक सर्वसाधारण सभेची गणपूर्ती (सभा चालवायला लागणारी किमान हजेरी) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. म्हणजे आम्हाला २० सभासद पुरतात. तरीही कित्येक वर्षे नऊ-दहाजणच यायचे, सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसल्याने तेवढ्याच जणांच्या संमतीने वर्षभराचा जमाखर्च मंजूर व्हायचा. लोकांना आस्था नाही, असे आम्ही कार्यकारिणीतले सगळेच म्हणत होतो. ते चुकीचे होते, हे मला या सेवेमुळे कळले.

या कार्यालयाने पहिले काम केले ते नोटिशीचे. उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती आम्ही देतही होतो, पण सोबतचा ताळेबंद लेखापरीक्षकाच्या भाषेत असल्याने तो बहुतेक घरांत न वाचताच ठेवून दिला जात असे. यंदा त्याच्याबरोबर मोठ्या टायपातले, साध्या मराठीतले एक पान जोडले होते : टँकरवर किती गेले, लिफ्टच्या देखभालीवर किती, सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे आणि थकबाकी एकूण किती. ज्यांच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोन नावे आहेत, तिथे पहिले सभासद गैरहजर असल्यास दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला मत देता येते, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. आमच्याकडे दुसरे नाव बहुधा पत्नीचे असते, आणि नवरा परगावी असताना सभेला यायचा आपल्याला अधिकार आहे, हे अनेक जणींना त्या पानावरूनच समजले.

सभा पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी दहाला झाली. हजेरीपुस्तकात ३१ सह्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी ते पान घडी घालून हातात घेऊनच आल्या होत्या. लिफ्टच्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. पावसाळ्यात लिफ्ट सहा आठवडे बंद होती, मग देखभालीचे पैसे पूर्ण वर्षाचे का दिले, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हा कार्यकारिणीतल्या एकाच्याही तो लक्षात आला नव्हता. तेवढ्या दिवसांची रक्कम परत मागण्याचा ठराव तिथेच झाला आणि तो मांडला त्या आजींनीच.

सेवेत उणिवा आहेत. स्मरणपत्रे सुरुवातीला फक्त मोबाइल अ‍ॅपवर येत असल्याने ज्येष्ठांपर्यंत ती पोहोचत नव्हती; आम्ही तक्रार केल्यावर जिन्यातल्या फलकावर कागद लागू लागला आणि आदल्या संध्याकाळी घरोघरी फोनही झाले. इतिवृत्ताचा मसुदा मात्र दोन महिन्यांनी मिळाला. आपण मांडलेला मुद्दा लेखी नोंदवला गेला आहे, हे लवकर दिसले तरच माणूस पुढच्या सभेला येतो, त्यामुळे हा विलंब मला गंभीर वाटतो. शुल्क प्रत्येक सदनिकेवर दरमहा आकारले जाते. लहान इमारतींना ते जड जाईल. पंधरा-वीस घरांच्या संस्थेत एखादा लिहिता सभासद तेच एक पान स्वतः तयार करू शकेल.

आमच्यासारख्या मध्यम आकाराच्या संस्थेला मी ही सेवा घ्यायला सुचवेन, विशेषतः पुनर्विकासाचा विषय पुढे येणार असेल तर, कारण त्या सभेसाठी सरकारी निर्देशांप्रमाणे दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात आणि तितके लोक ऐन वेळी गोळा होत नाहीत. आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला असून इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत देण्याची अट त्यात लेखी घातली आहे.