क्लच बदला म्हणत होते, निघाला एक पत्रा आणि एक नट

माझी गाडी जुनी आहे, दोन सीटची स्पोर्ट्स कार, ड्राइव्ह मागच्या चाकांना आणि क्लच केबलवाला. महिनाभर डोकं खात होती. ३००० आरपीएमच्या आसपास काटा गेला की खालून खर्रर्र असा आवाज, त्याच्या थोडं वर किंवा खाली गेलं की गायब. शिवाय चौथ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की काटा पळायचा पण गाडी काही त्या मानानं पळायची नाही, आणि न्यूट्रलला उभी असली की बारीक घरघर चालूच.

आधी एका दुसऱ्या गॅरेजला नेली होती. त्यांनी बॉनेट उघडून अर्धं मिनिट ऐकलं आणि निकाल दिला, क्लच गेला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट टाका, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आता क्लच घसरतोय म्हणजे प्लेट संपली हे बऱ्याचदा खरंही असतं, मी नाही म्हणत नाही, पण आधी पेडलचा प्ले, म्हणजे क्लच दाबायला लागण्याआधीचं मोकळं अंतर, बघायला काय जातं?

म्हणून मग या वर्कशॉपला गेलो आणि हा रिव्ह्यू त्यांचाच. इथल्या मेकॅनिक काकांनी पाना हातात घ्यायच्या आधी मला बाजूला बसवून गाडी स्वतः चालवली, रेडिओ बंद, काच आधी खाली मग वर, एक शब्द बोलले नाहीत. परत येऊन गाडी लिफ्टवर घेतली, पोराला आत बसवून ३००० वर रेस धरायला सांगितली आणि हातोडीचा लाकडी दांडा एक्झॉस्टच्या बाजूने एकेका ठिकाणी टेकवत गेले. एका जागी टेकवला आणि आवाज कापल्यासारखा बंद! काढला की चालू, टेकवला की बंद. उष्णता अडवायला एक्झॉस्टवर जो पातळ पत्रा असतो ना, हीट शील्ड, त्याचं बोल्टचं भोक गंजून मोठं झालं होतं आणि त्या ठराविक रेसलाच तो पत्रा नाचायचा. मोठा वॉशर टाकला, वरून स्टीलची क्लिप आवळली, खर्रर्र संपलं. मी महिनाभर इंजिनच्या काळजीत झोप घालवली होती ती या पत्र्यापायी.

मग घरघर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेल हाउसिंगवर, म्हणजे क्लच ज्यात बसतो त्या आवरणावर, आणि मूठ कानाला. मला म्हणाले, साहेब पेडल हाताने दाबून बघा, पायाला कळत नाही. खरंच, वरचं जे मोकळं अंतर असतं ते हातालाच नीट कळतं, आणि माझ्या गाडीत ते जवळपास नव्हतंच, मॅन्युअलमध्ये २० मिमी दिलंय. मला आजवर वाटायचं की प्लेट झिजली की केबल सैल होत असेल, पण होतं उलटं, प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं (स्प्रिंगच्या पट्ट्या, पेडल मारलं की बेअरिंग ज्यांना दाबतं त्या) बेअरिंगकडे सरकतात आणि प्ले खाऊन टाकतात. मग पाय पेडलवर नसला तरी बेअरिंग कायम टेकलेलं, फिरतंय, घरघरतंय, आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा म्हणून घसरतोय. म्हणजे घरघर आणि घसरणं हे दोन आजार नव्हतेच, एकच होता. (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये हा प्ले बहुतेक आपोआप सांभाळला जातो. पोर्शे ९११ कॅरेरालासुद्धा १९८६ च्या मॉडेलपर्यंत केबलच होती, त्यामुळे माझ्या गाडीला कुणी मागासलेली म्हणू नये.)

केबलचा चेकनट (अॅडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) सैल केला, अॅडजस्टर फिरवला, पेडलशेजारी फूटपट्टी धरून २० मिमी मोजलं, नट परत आवळला. न्यूट्रलला घरघर बंद. पेडल दाबल्यावर मात्र अजून किंचित आवाज येतो, तो त्यांनी लपवला नाही, म्हणाले बेअरिंग थोडं वाजायला लागलंय, गिअरबॉक्स कधी उतरला तर तेव्हा बदला, यासाठी मुद्दाम उतरवू नका. आणि अॅडजस्टरवर अजून आठ-दहा आटे शिल्लक आहेत, ते संपले की प्लेटचं बघू. मला हे फार आवडलं, कारण किती दिवस काढता येतील ते आता मलाच खाली वाकून दिसतं.

आता तक्रारी. दोन तासांत देतो म्हणाले आणि अख्खा दिवस लावला, फोन उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्हर्स टाकताना कर्रर्र झालं, म्हणजे नंतर फायनल करताना केबल जरा जास्तच सैल सोडली होती आणि क्लच पूर्ण सुटत नव्हता. परत गेलो तर वाद नाही काही नाही, दीड फेरा आवळला, पेडल दाबून तीन आकडे मोजले, रिव्हर्स टाकला, लोण्यासारखा पडला. त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. पण हे पहिल्याच दिवशी गाडी गरम असताना आणि थंड झाल्यावर असं दोनदा तपासलं असतं तर माझी एक चक्कर वाचली असती.

चढावर चौथ्यात आता काटा आणि गाडी सोबत पळतात. पाचपैकी चार स्टार, एक त्या चक्करचा कापला. आणि गाडी द्यायला जाल तेव्हा सीटवर एखादी जुनी चादर टाकून ठेवा, माझ्या ड्रायव्हर सीटवर काकांच्या पाच बोटांचा काळा ठसा अजून आहे.