संत्र्याच्या नागअळीसाठी म्हणून विकलेले बोंडअळीचे सापळे

नागपूर जिल्ह्यात संत्र्याच्या नव्या बागा लावलेल्या शेतकऱ्यांना ‘फवारणीशिवाय नागअळीचा (कोवळी पाने पोखरणाऱ्या अळीचा) बंदोबस्त’ असे सांगून कामगंध सापळ्यांचे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांचे, संच थेट बांधावर आणून विकले जात आहेत. कळमेश्वर तालुक्यातील आमच्या बागेसाठी मी असे संच विकत घेतले आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. तक्रार प्रलंबित असल्यामुळे विक्रेत्याचे नाव देत नाही. मात्र त्याची विक्रीची रीत सविस्तर सांगतो, कारण ती अशी बेतलेली आहे की सापळे लावणाऱ्याला सुरुवातीला शंका येण्याऐवजी समाधानच वाटते.

हा गृहस्थ पोळ्यानंतर, संत्र्यावर नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, फुटू लागली तेव्हा आला. त्याने आमच्या तीन वर्षांच्या झाडाचे कोवळे पान उलटून त्यावरील चंदेरी नागमोडी रेघ दाखवली, रेघेच्या मधोमध जाणारा अळीच्या विष्ठेचा काळसर धागा दाखवला आणि पानाची कड दुमडून तिच्या आत बसलेला कोषही नखाने उघडून दाखवला. मोठ्या झाडांना ही कीड फारशी बाधत नाही, पण रोपवाटिकेत आणि लहान झाडांवर ती वाढ खुंटवते, हेही त्याने सांगितले. इथपर्यंत त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. त्यापुढे मात्र तो म्हणाला, “काका, नर पतंगच उरला नाही, तर मादीची अंडी फळतील कशी?” आणि एकरी ४,८०० रुपयांचे संच त्याने आमच्या गळ्यात मारले. पावतीवर ‘शेती साहित्य’ एवढेच लिहिले होते, आणि पैसे दुकानाच्या नव्हे तर व्यक्तीच्या नावावरील खात्यात मोबाइलवरून घेतले गेले.

संचातील सापळे नरसाळ्याचे होते, म्हणजे वर झाकण, खाली लांब प्लास्टिकची पिशवी. दसऱ्याच्या सुमारास या पिशव्यांत पतंगांचा खच पडू लागला. विक्रेता मुद्दाम फेरी मारायला आला, पिशवी हातावर रिकामी केली, फोटो काढला आणि तोच फोटो दाखवून त्याने आमच्या शिवारात आणखी संच खपवले. दुसरीकडे नवतीवरच्या रेघा कमी होण्याचे नाव घेत नव्हत्या. त्यावर ‘परिणाम पुढच्या नवतीला दिसेल’ हे त्याचे ठरलेले उत्तर होते.

पिशवीतले पतंग करड्या-तपकिरी रंगाचे आणि जवळजवळ एक सेंटिमीटर लांबीचे होते. नागअळीचा पतंग इतका मोठा नसतोच. तो बसलेला असताना तिळाच्या दाण्याएवढाही भरत नाही, रंगाने चंदेरी-पांढरा असतो आणि भिंगाखाली पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका दिसतो. कीटकशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना पिशवी दाखवली, तेव्हा त्यांनी क्षणभर पाहून विचारले, “शेजारी पऱ्हाटी आहे का?” बांधापलीकडे कपाशीच होती, आणि आमच्या सापळ्यांत सापडत होते ते गुलाबी बोंडअळीचे नर. उरलेला संशय ल्युरच्या, म्हणजे सापळ्यात ठेवायच्या गंधाच्या गोळीच्या, पाकिटाने फेडला: ओल लागून स्टिकरची कड सुटली होती, ती ओढताच खालच्या मूळ छपाईवर कपाशीच्या बोंडाचे चित्र निघाले. विदर्भात कपाशीसाठी सर्रास मिळणारे स्वस्त ल्युर, वर संत्र्याचे चित्र चिकटवून, कितीतरी पट भावाने विकले गेले होते.

कामगंध हा किडीच्या जातीनुसार ठरलेला असतो. नागअळीच्या, म्हणजे फायलोक्निस्टिस सिट्रेला या किडीच्या, मादीच्या गंधातील मुख्य घटक २००६ मध्ये ओळखले गेले. ते हेक्साडेकाट्रायनल आणि हेक्साडेकाडायनल असून साधारण तीनास एक या प्रमाणात वापरले जातात. बोंडअळीचे ल्युर वेगळ्या संयुगांचे असते, आणि त्यावर नागअळीचा नर फिरकतही नाही. मुख्य म्हणजे अस्सल ल्युर असते, तरी विक्रेत्याचा दावा टिकला नसता. सापळ्यात फक्त नर येतात, उरलेला एकेक नर अनेक माद्यांशी मिलन करू शकतो, आणि शेजारच्या बागेतून आधीच फळलेल्या माद्याही येतातच. म्हणून हे सापळे पतंग केव्हा वाढले हे ओळखून उपाय वेळेवर करण्यासाठी वापरतात, आणि तेही चिकट तळाचे डेल्टा सापळे, कारण एवढासा पतंग त्या चिकट तळावरच मोजता येतो. फ्लोरिडात या गंधाचा नियंत्रणासाठी उपयोग झाला आहे, पण तिथे बागभर गंध पसरवून नराला मादी सापडू दिली जात नाही. चार-सहा डबे टांगून ते साधत नाही.

सापळ्यांच्या भरवशावर निंबोळी अर्काची फवारणी राहिली आणि पाणसोटही (झाडाचे निरुपयोगी जोमदार फुटवे) काढले गेले नाहीत. संत्र्याची एक नवती वाया गेली. बांधालगतच्या कागदी लिंबांवर तर पोखरलेल्या पानांतून खैऱ्या (कँकर) हा रोग शिरला, आणि तो आता लवकर हटणार नाही. जाब विचारला तेव्हा विक्रेता शांतपणे म्हणाला, “सापळे भरले होते की नाही, तेवढं सांगा.”

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली आहे. सोललेले स्टिकर, मूळ पाकीट, पैसे पाठवल्याची नोंद आणि पिशवीतले वाळलेले पतंग मी जपून ठेवले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, त्यामुळे ज्यांनी असे संच घेतले आहेत त्यांनी पाकिटे फेकू नयेत. नवीन घेणाऱ्यांनी पाकिटावर किडीचे शास्त्रीय नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का ते पाहावे, स्टिकरखाली नख घालून पाहावे, आणि शंका असल्यास अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर विचारावे.

काटोलकडच्या एका नातेवाइकाने परवा फोटो पाठवला: तेच नरसाळ्याचे सापळे, तसाच माणूस, आणि डब्यावर आता ‘संत्र्यावरील सिला’ असे लिहिलेले. सिला ही रस शोषणारी वेगळीच कीड; तिची पाहणी पिवळ्या चिकट पत्र्यांवर करतात. ती या पिशवीत सापडणार नाही, पण त्या शिवारातही कपाशी आहे, तेव्हा पिशव्या भरतीलच.