खरे की शुक्ल? १९३७च्या विधानसभेची दोन मंत्रिमंडळं

आमच्या वऱ्हाडात पारावर अजूनही एखादा म्हातारा म्हणतो, "मराठी माणसाचं राज्य वर्षभरच टिकलं." तो बोलतो ते १९३७मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री झालेल्या डॉ. ना. भा. खरे यांच्याबद्दल.

मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणजे इंग्रजांच्या काळातला मराठी आणि हिंदी भागांचा एकत्र प्रांत. त्याची १९३७ची विधानसभा ११२ जागांची, बहुमत काँग्रेसचं. सभागृह एकच, पण मंत्रिमंडळं दोन तऱ्हेची. खऱ्यांचं मंत्रिमंडळ वरून समतोल वाटायचं: अमरावतीकडचे रामराव देशमुख, अकोल्याचे गोळे, आणि महाकोशलातले, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातले, शुक्ल, मिश्र, मेहता. आतून मात्र दोन चुली. जुलै १९३८मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे-देशमुखांनीही दिला. हिंदी भागातल्या तिघांनी नकार दिला. राज्यपालांनी त्यांना काढलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. ते तीन दिवसही टिकलं नाही, कारण वर्ध्यात बसलेल्या काँग्रेसश्रेष्ठींना हे मुळीच पटलं नाही.

मग आले रविशंकर शुक्ल. त्यांची गाडी नोव्हेंबर १९३९पर्यंत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसने सगळीकडे राजीनामे देईपर्यंत चालली. गावकऱ्याच्या हिशेबाने त्यांचं पारडं जड. विद्यामंदिर योजना त्यांचीच. खऱ्यांच्या हाताखाली शिक्षणमंत्री होते तेव्हापासूनची. कल्पना साधी: गावात शाळा, शाळेला दानाची जमीन, तिच्या पिकातून गुरुजींचा पगार. (कोरडवाहू कापसावर पगार! आमच्याकडचा शेतकरी हसलाच असता.)

माझं मत? टिकाऊपणात शुक्ल. पण खऱ्यांकडे वऱ्हाडाला मंत्रिमंडळात आपली माणसं दिसली, आणि पारावरचा तो म्हातारा तेवढंच धरून बसलाय.