"चार दिवस बाहेर जाऊन या, काउंटर झिरो होतो" – या एका वाक्यावर आम्ही फसलो

लिहू का नको असं खूप दिवस चाललं होतं, पण मागच्या आठवड्यात इथं सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या एका ओळखीच्या बाई म्हणल्या की त्यांच्या सूनबाईंकडे नेदरलँडला जायचंय आणि "तो रीसेट पॅकेजवाला" (म्हणजे मध्ये बाहेर जाऊन आलं की युरोपच्या व्हिसाचे दिवस परत शून्यापासून मोजतात असं सांगणारा एजंट) चांगला आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलंय, मग मात्र राहवलं नाही.

आमची लेक जर्मनीत. जानेवारी २०२५ मध्ये तिला दिवस गेलेले, उलट्यांनी पार गळून गेली होती, म्हणून सिद्धेश्वरांची यात्रा झाली की आम्ही दोघं निघालो. २० जानेवारीला पोचलो, ८ मार्चला परत निघालो. व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या जर्मनी, नेदरलँडसारख्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो), एक वर्षाचा, मल्टिपल एंट्री म्हणजे परत परत जाता येणारा, त्यावर मुक्काम ९० दिवस असं छापलेलं. पुढं डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली, म्हणून १ जूनला परत गेलो. तारीख जुलैच्या शेवटची होती आणि मला बाळंतपणाला तिथंच थांबायचं होतं, एवढीच इच्छा.

जूनला निघायच्या आधी तिकिटासाठी नवी पेठेतल्या एका एजंटकडे गेलो होतो (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे). तो म्हणला, "काकू, मार्चचे दिवस संपले, ते धरत नाहीत. आता जूनपासून नवे ९०. आणि जास्त राहायचं असेल तर मध्ये चार दिवस सर्बियाला जाऊन या, तिथं शेंगेन व्हिसावर वेगळा व्हिसा लागत नाही, परत आलात की काउंटर झिरो." त्याचे प्रत्येकी १९ हजार, दोघांचे ३८, विमान आणि हॉटेल वेगळं. अर्धे फोनवरून पाठवले, अर्धे रोख मागितले. पावतीवर नुसतं "सल्ला शुल्क". आणि एक रंगीत तक्ता दिला, त्यावर त्याचा शिक्का, १२ जुलैच्या पुढं हिरव्या रंगात शून्यापासून दिवस मोजलेले. तो तक्ता मी पासपोर्टसारखा जपला हो.

८ जुलैला आम्ही बेलग्रेडला, म्हणजे सर्बियाच्या राजधानीला, शेंगेनच्या बाहेर गेलो. लेकीला नववा महिना लागलेला, तिला सोडून जाताना जीव तुटत होता, पण तो म्हणालेला डिलिव्हरीच्या आधीच उरकून घ्या. १२ ला परत जर्मनीच्या विमानतळावर उतरलो आणि पासपोर्टच्या खिडकीत तो ऑफिसर दोघांचे शिक्के उलटसुलट बघत बसला. रिटर्न तिकीट मागितलं, ते सप्टेंबरचं. मग त्यानं कागद घेतला, पेननं ४८ लिहिलं, त्याखाली ३८, बेरीज ८६, आणि ४ ला गोल केला. व्हिसाच्या स्टिकरवरच्या ९० वर बोट ठेवून दाखवलं. हे बँकेत होते, आकडा बघितल्या बघितल्या त्यांना कळालं, मला मात्र कळेचना की जानेवारीचे दिवस आत्ता कुठून आले. मी तो तक्ता काढून दाखवला तर त्यानं नुसती मान हलवली. आत सोडलं, पण १५ तारखेपर्यंत बाहेर पडायचं असं बजावून.

खरा हिशोब असा आहे, नीट वाचा. तुम्ही तिथं ज्या दिवशी आहात त्या दिवसापासून मागं १८० दिवस मोजायचे, तो दिवस धरून, आणि त्यात तुमचे राहिलेले सगळे दिवस मिळून ९० च्या वर जायला नकोत. पोचलेला दिवसही धरतात आणि निघालेला पण. बाहेर गेलं म्हणून काही पुसलं जात नाही, जुने दिवस १८० दिवसांच्या मागं गेले की एकेक करून गळतात, बस. आणि हे एका देशाचं नाही, शेंगेनचे २९ देश मिळून एकच खातं. त्या एजंटच्या "बाहेर जायच्या देशांच्या" यादीत क्रोएशिया आणि रोमानियापण होते! क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आलाय, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. तिथं गेलेल्या माणसाला वाटणार आपण बाहेर आहोत, आणि दिवस आपले चालूच.

सगळ्यात जास्त जे लागलं ते नंतर कळालं. जावयांनी युरोपियन कमिशनच्या फुकटच्या कॅल्क्युलेटरमध्ये आमच्या तारखा घातल्या. आम्ही १२ ऐवजी १५ जुलैला परत आलो असतो ना, तर १९ पासून जानेवारीचा एकेक दिवस गळत गेला असता आणि ४ सप्टेंबरपर्यंत आम्ही कायदेशीर राहू शकलो असतो. तीन दिवस, फक्त तीन दिवस जास्त बेलग्रेडला. ज्या माणसानं दिवस मोजायचे पैसे घेतले त्यानं दिवस मोजलेच नव्हते. आणि त्या वेळी आमची डोकी इतकी घाबरलेली की १५ ला नवं तिकीट काढून, १ लाख ३४ हजार भरून सरळ घरी आलो. नातू २४ जुलैला झाला. मी सोलापुरात, हातात फोन.

परत येऊन एजंटकडे गेलो तर म्हणे "तुम्ही ऑफिसरला नीट सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिलाय, तक्ता, फोनचे मेसेज, बोर्डिंग पास सगळं जोडून. रोख दिलेल्या पैशाला पुरावा नाही, म्हणून सांगते, असल्या कामाला रोख देऊ नका आणि पावतीवर नेमकं कशाचे पैसे ते लिहून घ्या.

अजून एक. व्हिसा एक वर्षाचा म्हणजे वर्षभर राहता येतं असं नाही, मुक्कामाचे दिवस त्याच स्टिकरवर वेगळे लिहिलेले असतात, ते आधी बघा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं बोटांचे ठसे आणि चेहरा घेणारी नवी सिस्टिम सुरू झालीये, म्हणजे शिक्का पुसट होता वगैरे चालणार नाही, मशिनच मोजणार. थायलंड, मलेशियाचे नियम निराळे, तिथं ९० आणि १८० चं गणित लावू नका.

त्या बाईंना मी माझा तक्ता दाखवला, त्यांच्या सूनबाईंकडून कॅल्क्युलेटरवर तारखा टाकून घेतल्या, पैसे द्यायचे थांबले त्यांचे. एजंटच्या दुकानाबाहेर मात्र परवापण तोच बोर्ड होता, "शेंगेन रीसेट, चार दिवसांत".