ॲसटीग आणि केप हॅटरास: सरकत्या वाळूवरची दोन उद्याने

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांची बेटे म्हणजे वाळूचे लांबट बांधच. वादळी लाटा समुद्राकडची वाळू खाडीच्या बाजूला लोटतात आणि बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकते. नॉर्थ कॅरोलायनातील केप हॅटरासला १९३७ मध्ये मंजुरी मिळाली. तेथे वाळूच्या टेकड्या रचून समुद्र थोपवण्याचा खटाटोप झाला, तरीही १८७० चे दीपगृह लाटांच्या तोंडाशी आले आणि १९९९ मध्ये ते अख्खेच्या अख्खे सुमारे ८८० मीटर आत हलवावे लागले.

मेरीलँड आणि व्हर्जिनियात विभागलेल्या ॲसटीगची कथा नेमकी उलटी आहे. तेथे वसाहतीसाठी भूखंड विकले गेले होते; मात्र मार्च १९६२ च्या वादळाने रस्ता आणि बांधकामे उद्ध्वस्त केल्यामुळे १९६५ मध्ये उद्यानाचा मार्ग मोकळा झाला. रानात मोकळे फिरणारे घोडे ही तेथील खरी ओळख असली, तरी राज्यांच्या सीमेवरील कुंपणाने त्यांचेही दोन कळप केले आहेत.

दीपगृह आणि नांदती गावे पाहायची असतील, तर हॅटरास निवडावे. माणसाने माघार घेतलेला किनारा अनुभवायचा असेल, तर माझा कौल ॲसटीगला आहे.